ठरवण्याआधी एक पान लिहा: निर्णय घेण्याची एक साधी पद्धत

तीनेक वर्षांपूर्वी माझ्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने ९० दिवसांची उधारी मागितली. तोवर त्याचे पैसे ३० दिवसांत यायचे. माझं छपाईचं लहानसं काम आहे, पाच माणसं आहेत, आणि तेव्हा जवळजवळ निम्मं काम या एकाच माणसाचं होतं. मी हो म्हटलं. आठ महिन्यांनी येणी अडकली, कागदवाल्यापुढे हात जोडायची वेळ आली, आणि भेटेल त्याला मी सांगत सुटलो, "मला तेव्हाच शंका आली होती हो. पण भीड पडली."

पुढे कधीतरी खण आवरताना जुनी वही हाती लागली. त्या तारखेला माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: "उधारी देणे. पैसे वेळेवर येतील याची खात्री १०० पैकी ८५." शंकेचा मागमूस नव्हता. म्हणजे इतके दिवस मी लोकांना जे सांगत होतो ते खोटं होतं, आणि गंमत म्हणजे मला ते पूर्ण खरं वाटत होतं.

हा माझ्या एकट्याचा दोष नाही. १९७२ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर जाणार होते. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या दोन संशोधकांनी त्याआधी विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं, या दौऱ्यांत अमुक गोष्ट घडण्याची शक्यता किती वाटते? दौरे उरकल्यावर त्याच विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा तुम्ही किती आकडा दिला होता ते आठवा. जे घडलं होतं त्याला आपण मुळातच जास्त आकडा दिला होता, असं बहुतेकांना आठवलं. १९७५ साली हे छापून आलं. निकाल कळला की आपली आठवण गुपचूप निकालाच्या बाजूला जाऊन बसते.

म्हणूनच माझं म्हणणं एवढंच आहे, की निर्णय डोक्यात घेऊ नका, कागदावर घ्या. नाहीतर चुकलं नेमकं कुठे, हे कधीच कळत नाही आणि तीच चूक नव्या कपड्यात परत येते. खाली जे सांगतोय ते त्या एका पानावर काय लिहायचं आणि का, याबद्दल आहे.

आधी ठरवा, याला पान लागतं का

प्रत्येक गोष्टीला वही उघडलीत तर आठवड्यात कंटाळाल. एकच प्रश्न विचारा: हे उलटवता येतं का, आणि उलटवायला काय पडेल? ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१५ च्या पत्रात दरवाजांचा दाखला दिला होता. काही दरवाजांतून आत गेल्यावर परत बाहेर येता येतं, काहींतून येत नाही. नवीन सॉफ्टवेअर महिनाभर वापरून बघणं हा पहिला प्रकार. भागीदारी, घर विकणं, एखाद्याला कामावरून काढणं हा दुसरा. पहिल्या प्रकारात चटकन ठरवा आणि कामाला लागा. तिथे चूक झाली तरी ती स्वस्तात शिकवून जाते.

आपण करतो नेमकं उलटं. फोन कुठला घ्यावा यावर तीन आठवडे घालवतो आणि मित्राला जामीन राहायला एका बैठकीत तयार होतो.

किरकोळ निवडीसाठी हर्बर्ट सायमन यांची रीत पुरेशी आहे. त्यांना १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माणूस सगळे पर्याय तपासून सर्वोत्तम निवडत नाही, त्याला ते शक्यही नसतं. चालेल असा पर्याय सापडला की तो थांबतो, असं त्यांनी १९५०च्या दशकातच मांडलं होतं. तेव्हा चालेल म्हणजे काय ते आधी ठरवायचं, दोन-तीन अटी घालायच्या, आणि त्यात बसणारं पहिलं दिसलं की शोध बंद.

प्रश्न नीट लिहिणं, इथेच निम्मं काम होतं

माझी मोठी बहीण एका कंपनीत अकरा वर्षं हिशेब सांभाळत होती. तिला दुसऱ्या शहरातून बोलावणं आलं. पद मोठं, माणसं अनोळखी. महिनाभर तिचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. एका रात्री फोन आला.

"सोडू का रे नोकरी?"

"नाही सोडलीस तर काय होईल, ताई?"

"काय व्हायचंय? आहे तेच. रात्री साडेआठला घरी, आणि रविवारीसुद्धा साहेबांचे फोन."

"ही नोकरीही नाही आणि ती नोकरीही नाही, असं समज. मग काय करशील?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ऑडिटकडे बदली मागेन. तिथे महिनाअखेर सोडली तर शांतता असते."

अकरा वर्षांत तिने ती बदली एकदाही मागितली नव्हती. "सोडू की नको" या प्रश्नात ती बसतच नव्हती ना. "की", "का", "किंवा" असे शब्द असलेला प्रश्न दिसला की मला संशय येतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी अवस्था बहुतेक वेळा दोनच पर्याय मांडल्यामुळे येते. पानावर सगळ्यात वर प्रश्न लिहा, मग तो खोडून "मला नेमकं काय बदलायचंय?" याचं उत्तर लिहा. निदान तीन पर्याय झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिसरा सुचत नसेल तर पहिले दोन गायब झाले असं समजून बघा.

(ताईची बदली नामंजूर झाली. ती नवीन नोकरीवर गेली, पण मागे काही राहून गेल्याची रुखरुख न बाळगता गेली.)

शब्दांनीही डोकं फिरतं. डॅनियल कानमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचा १९८१ चा प्रयोग बघा. साथीत ६०० माणसं दगावण्याची भीती आहे. एका गटाला विचारलं: पहिल्या योजनेत २०० नक्की वाचतील, दुसरीत एक तृतीयांश शक्यता आहे की सगळे वाचतील आणि दोन तृतीयांश शक्यता आहे की कुणीच वाचणार नाही. ७२ टक्के लोकांनी नक्की २०० वाचवणारी योजना निवडली. दुसऱ्या गटापुढे हेच गणित "४०० नक्की मरतील" अशा शब्दांत ठेवलं. तेव्हा ती योजना फक्त २२ टक्क्यांना पटली. आकडे तेच होते, फक्त वाचणं जाऊन मरणं आलं. म्हणून महत्त्वाचा प्रश्न मी दोनदा लिहितो, एकदा काय मिळेल या भाषेत आणि एकदा काय जाईल या भाषेत. दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं, तर अजून काहीच ठरलेलं नाही असं धरतो.

फायदे-तोट्यांची यादी आणि तिचा खोटेपणा

यादी सगळेच करतात. चार्ल्स डार्विन यांनी १८३८ च्या जुलैमध्ये लग्न करावं की नाही यावर कागदाच्या दोन बाजू भरल्या होत्या. लग्न केलं तर पुस्तकांना पैसे कमी पडतील, हाही त्यात एक मुद्दा होता. पुढच्या जानेवारीत त्यांनी लग्न केलं.

यादीत मोठी गोम आहे, ती म्हणजे आपण मुद्दे मोजतो. ताईच्या कागदावर "जाऊ नये" खाली नऊ मुद्दे होते आणि "जावं" खाली चार. वाचून बघितलं तर नवापैकी सात म्हणजे घर शोधणं, सामान हलवणं, नवीन डॉक्टर, अनोळखी रस्ते, ओळखीचं कुणी नसणं, असंच सगळं. एकाच भीतीचे सात अवतार. त्यांचा एक मुद्दा केला आणि यादी तीन विरुद्ध चार झाली.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी यावर चांगली तोड सांगितली आहे. १७७२ च्या सप्टेंबरात त्यांनी जोसेफ प्रिस्टली या शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. प्रिस्टली तेव्हा एका सरदाराकडची नोकरी धरावी का या विचारात होते. फ्रँकलिन लिहितात की काय ठरवावं ते मी सांगू शकत नाही, कसं ठरवावं ते सांगतो. कागदाच्या मधोमध रेघ मारा. तीन-चार दिवस जसं सुचेल तसं दोन्ही बाजूंना लिहीत जा. मग वजन बघा. इकडचा एक आणि तिकडचा एक सारख्या वजनाचे वाटले तर दोन्ही खोडा. इकडचा एक तिकडच्या दोघांच्या तोडीचा असेल तर तिन्ही खोडा. शेवटी उरेल ते बघा, आणि आणखी एक-दोन दिवस नवीन काही सुचलं नाही तर त्याप्रमाणे करा.

यात मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते तीन-चार दिवस. कारणं एकाच वेळी डोक्यात हजर नसतात. चिडलेल्या दिवशी एक टोळी येते, पगाराच्या दिवशी दुसरी. एकाच बैठकीत केलेली यादी म्हणजे त्या संध्याकाळच्या मूडचा फोटो.

आपण चुकतोय हे कशावरून कळेल?

हा खेळ घरी कुणाबरोबर तरी खेळून बघा. २, ४, ६ हे तीन आकडे एका नियमात बसतात. नियम ओळखायचा आहे. तुम्ही आपले तीन आकडे सांगा, समोरचा फक्त बसतात की नाही ते सांगेल. लोक ८, १०, १२ म्हणतात. हो. २०, २२, २४. हो. मग छातीठोक उत्तर: दोनदोनने वाढणारे आकडे! चूक. नियम एवढाच की आकडे चढते हवेत. १, ७, १०० पण चालले असते. पीटर वेसन यांनी १९६० साली हा प्रयोग मांडला तेव्हा बहुतेकांनी पहिलं उत्तर चुकीचंच दिलं. आपला अंदाज मोडेल असे आकडे फार थोड्यांनी विचारून बघितले.

उधारीच्या वेळी मीही हेच केलं. हा माणूस पैसे देतो का, हे मी त्याच्याशी व्यवहार चालू असलेल्या दोघांना विचारलं. दोघंही हो म्हणाले. विचारायला हवं होतं ते ज्याने त्याच्याशी व्यवहार बंद केला त्याला. पानावर एक ओळ कायम ठेवा: "मी चूक आहे हे मला कोण सांगू शकेल?" आणि त्या माणसाला फोन करा.

दुसरी तपासणी, हेच काम करायला गेलेल्या इतरांचं काय झालं? पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो खरं, पण मागचा पुढच्याकडे बघतो कुठे? कानमन यांनी स्वतःचीच फजिती सांगितली आहे. शाळेसाठी निर्णयशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या गटात ते होते. पुस्तक किती दिवसांत होईल, असं प्रत्येकाला विचारलं तेव्हा उत्तरं दीड ते अडीच वर्षांच्या आत आली. मग गटातल्या अभ्यासक्रम-तज्ज्ञाला विचारलं की अशा इतर गटांना किती काळ लागला? तो ओशाळून म्हणाला, सुमारे ४० टक्क्यांचं काम पुरंच झालं नाही, आणि बाकीच्यांना सात ते दहा वर्षं लागली. त्या तज्ज्ञाने स्वतःचा अंदाजही थोडा वेळ आधी इतरांसारखाच दिला होता! काम तसंच रेटलं गेलं आणि पूर्ण व्हायला आठ वर्षं लागली.

तेव्हा अंदाज आतून काढू नका. कामाचे तुकडे पाडून प्रत्येकाला दिवस लावत बसलं की नेहमीच कमी भरतात. १९९४ साली छापलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध ३४ दिवसांत होईल म्हटलं, सगळं बिघडलं तर ४९. प्रत्यक्षात सरासरी ५५ च्या वर गेली. आधीच्या तीन तशाच कामांना किती लागले ते बघा आणि तोच आकडा लिहा, कितीही झोंबला तरी.

चार लोकांना विचारताना

ऐकावे जनाचे, करावे मनाचे हे ठीक, पण जनांचं ऐकायचीही एक रीत आहे. १९०६ साली इंग्लंडमधल्या एका जत्रेत, बैल कापून साफ केल्यावर वजन किती भरेल याची पैज लागली होती. फ्रान्सिस गॉल्टन यांनी वाचता आलेल्या ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. मधला अंदाज निघाला १२०७ पौंड आणि खरं वजन ११९८. हे जमलं कारण प्रत्येकाने आपापली चिठ्ठी लिहिली होती. सगळ्यांना गोल बसवून आधी मोठ्या माणसाचं मत विचारलं असतं तर ७८७ अंदाज उरलेच नसते.

बैठकीत मालकाने किंवा घरातल्या मोठ्यांनी आधी बोलू नये. सगळ्यांनी आधी चिठ्ठीवर लिहायचं, मग चर्चा. विचारतानाही "मी हे घेतोय, तुला काय वाटतं?" असं विचारलंत तर समोरचा तुमच्या निर्णयाबद्दल नाही, तुमच्याबद्दलच्या प्रेमाने बोलेल.

आणि सिद्ध कुणी करायचं, यावर लक्ष ठेवा. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री चॅलेंजर या अमेरिकेच्या अवकाशयानाच्या उड्डाणाआधी अभियंत्यांनी फोनवरच्या बैठकीत सांगितलं होतं, की तापमान सुमारे १२ अंश सेल्सियसच्या खाली असेल तर उडवू नका. थंडीत रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्यांचा भरवसा नाही. एरवी रीत अशी की यान सुरक्षित आहे हे सिद्ध करायचं. त्या रात्री अभियंत्यांवर वेळ आली ते असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची. तेवढा पुरावा त्यांच्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही जण गेले. घाई असली की हा उलटफेर लहान बैठकीतही होतो. "काय बिघडतंय, दाखव ना!" हे वाक्य ऐकलं की मी आता थांबतो.

आतल्या आवाजाबद्दल थोडक्यात. कानमन आणि अग्निशामकांचे निर्णय अभ्यासणारे गॅरी क्लाइन यांची मतं परस्परविरोधी मानली जात, पण २००९ मध्ये दोघांनी मिळून लिहिलेल्या लेखात ते एका गोष्टीवर जुळले: क्षेत्रात काही नियमितपणा असेल आणि चूक-बरोबर लवकर कळत असेल तरच अंतर्मनाला धार येते. मशीनचा आवाज बिघडला की मला कळतं, तिथे मी आतलं ऐकतो. माणूस दोन वर्षांनी कसा वागेल, यात माझ्या आतल्या आवाजाला कसलाच अनुभव नाही, जरी तो मोठ्याने बोलत असला तरी.

फसलंय असं धरून चला, आणि थांबायची खूण आधीच मारा

ठरत आलं की दहा मिनिटं हे करा. याच क्लाइन यांनी २००७ मध्ये लिहिलेली रीत आहे. सगळ्यांना सांगायचं, वर्ष उलटलंय आणि हा निर्णय साफ आपटलाय. का आपटला ते लिहा. "काही धोका वाटतो का?" असं विचारलं तर लोक संकोचतात, खोडा घालणारा ठरू म्हणून. फसलंच आहे म्हटल्यावर तोंडं उघडतात. आमच्याकडे दुसरी मशीन घ्यायच्या वेळी सगळ्यात नव्या मुलाने लिहिलं होतं: "मशीन चालवणारा एकटाच होता आणि तो सोडून गेला." आम्ही तिघं शहाणे हप्ते आणि विजेचा भार मोजत बसलो होतो. मशीन घेतली, पण आधी दोघांना शिकवलं.

मग थांबायची खूण. कुठल्या तारखेला काय दिसलं तर माघार, हे आत्ता लिहायचं. नंतर लिहिता येत नाही, कारण बुडत्याचा पाय खोलात जातो. आर्क्स आणि ब्लूमर यांनी १९८५ साली लोकांना विचारलं: तुम्ही दोन सहलींची तिकिटं काढली आहेत, एक १०० डॉलरची, एक ५० ची. ५० ची जास्त आवडेल असं वाटतंय. दोन्ही एकाच दिवशी आल्या, पैसे परत नाहीत. कुठे जाल? ६१ पैकी ३३ जण १०० च्या सहलीला निघाले. म्हणजे पैसे गेले ते गेले, वर मजाही गेली.

खूण मारली नसेल तर इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीतला एक प्रश्न कामाला येतो. १९८५ मध्ये त्यांचा मेमरी चिपचा धंदा गाळात चालला होता. कंपनी चालवणाऱ्या दोघांपैकी अँडी ग्रोव्ह यांनी गॉर्डन मूर यांना विचारलं, की आपल्याला काढून नवीन प्रमुख आणला तर तो काय करेल? मूर यांचं उत्तर तयार होतं: मेमरीतून बाहेर पडेल. मग आपणच दाराबाहेर जाऊन परत येऊ आणि ते करू, असं ग्रोव्ह म्हणाले. आणि केलं.

पान परत कधी उघडायचं

माझ्या पानावर शेवटी तीन गोष्टी असतात: खात्री किती, १०० पैकी आकड्यात, त्या दिवशी मन कसं होतं, दोन शब्दांत, आणि पान परत बघायची तारीख, जी मी फोनमध्ये टाकून ठेवतो. परत बघताना निकाल सगळ्यात शेवटी वाचायचा. आधी तपासायचं की तेव्हा जे माहीत होतं त्यावर हे ठरवणं रास्त होतं का. नीट ठरवलेलं कधी फसतं आणि गाढवपणा कधी फळतो. बॅरन आणि हर्शी यांनी १९८८ मध्ये दाखवलं, की शस्त्रक्रियेचा तोच निर्णय, तीच माहिती, पण रोगी दगावला असं सांगितलं की लोक डॉक्टरच्या निर्णयाला कमी गुण देतात.

पंधरा-वीस पानं झाली की आकडे जुळवून बघा. ७० लिहिलेली दहा पानं असतील तर सातच्या आसपास खरी ठरायला हवीत. माझ्या वहीत गडबड आहे ती नव्वदच्या पुढच्या पानांत. आणि "मन कसं होतं" यापुढे "घाई" लिहिलेली पानं मी कुणाला दाखवत नाही.

गेल्या महिन्यात तो जुना गिऱ्हाईक परत आला. या वेळी ६० दिवस मागतो. पान लिहिलं. त्याच्याशी व्यवहार तोडलेला एक जण शोधून काढला, अर्धा तास बोललो. एकूण कामाच्या पाव हिश्शापेक्षा जास्त त्याचं घ्यायचं नाही. दोन बिलं ७५ दिवसांवर गेली की पुढची ऑर्डर आगाऊ रकमेशिवाय नाही. खात्री ६०. मन: थोडं धास्तावलेलं. पान उघडायची तारीख अजून पाच महिने लांब आहे.